कारंजा ते शिरपूर : दिगंबर मुनींच्या विहारात चालताना

चातुर्मास संपला की वऱ्हाडातल्या रस्त्यांवर दिगंबर जैन मुनींचे विहार, म्हणजे गावोगावचे पायी प्रवास, सुरू होतात. अंगावर सूतभर कापड नाही, एका हातात मोरपिसांची पिच्छी, दुसऱ्या हातात कमंडलू, पाय अनवाणी, आणि मागेपुढे तुमच्याआमच्यासारखी कपड्यांतली माणसं. मी जैन नाही. कारंज्याच्या मैत्रिणीच्या आईनं, म्हणजे काकूंनी, "चाल ना संगं" म्हटलं आणि मार्गशीर्षात एका संघाबरोबर कारंजा लाड ते शिरपूर जैन पायी गेले. ज्यांना जायची इच्छा आहे, पण नग्न साधूंसोबत दिवसभर चालायचं, जेवायचं, बसायचं म्हणजे नजर ठेवायची कुठं, या विचारानं पाय अडतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कारंज्याला रेल्वेनं यायचं तर मूर्तिजापूरला उतरा. मुंबई-हावडा मार्गावरच्या बऱ्याच गाड्या तिथं थांबतात, पुढं एसटी आहे. आदल्या दिवशी पोहोचा आणि गाव बघा. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैनांच्या तिन्ही परंपरांची जुनी मंदिरं इथं आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम घाईत बघू नका. 1918 साली सुरू झालेलं महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुलही इथलंच. आणि याच गावात नृसिंह सरस्वतींचा जन्म झाला, त्यामुळे गुरुमंदिरात 'दिगंबरा दिगंबरा'चा गजर चालू असतो. जैन आणि दत्त या दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही, पण कारंजेकरांना दिगंबर हा शब्द लहानपणापासून कानावर असतो आणि त्यांच्या वागण्यात ते जाणवतं.

निघण्यापूर्वी संघातली माणसं ओळखायला शिका. क्षुल्लकांच्या अंगावर लंगोटी आणि एक उपरणं, ऐलकांच्या अंगावर फक्त लंगोटी, मुनींच्या अंगावर काहीच नाही. आर्यिका माताजी, म्हणजे साध्वी, एकाच पांढऱ्या साडीत असतात. मुनींना 'नमोस्तु', आर्यिकांना 'वंदामि', क्षुल्लक-ऐलकांना 'इच्छामि' म्हणायचं. हा पायऱ्यापायऱ्यांचा जिना पाहिला की कळतं, कपडे एका झटक्यात टाकलेले नाहीत, वर्षानुवर्षं एकेक कमी करत आणलेत. मुनींच्या अठ्ठावीस मूळगुणांपैकी वस्त्रत्याग हा फक्त एक. बाकीच्यांत स्नान न करणं, जमिनीवर निजणं, केस हातानं उपटणं, उभ्यानं आणि दिवसातून एकदाच जेवणं हेही येतं. आपण बाहेरचे लोक त्या एकावरच अडून बसतो.

आता नजरेबद्दल. पहाटेच्या गारठ्यात चालायला सुरुवात झाली तेव्हा मी मुद्दाम आभाळाकडे, कपाशीकडे, तुरीच्या पट्ट्यांकडे बघत होते. काकूंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "अशी मान फिरवू नको बाप्पा, त्यानंच अवघडल्यासारखं होते. तोंडाकडे पाह्य, बोल." तेच केलं. सरळ चेहऱ्याकडे बघायचं, बोलताना पिच्छीकडे बघितलं तरी चालतं. मान वळवून टाळणं हे रोखून बघण्याइतकंच समोरच्याला टोचतं. आणि हातात काम घ्या. कुणी झेंडा धरतं, कुणी पुढं जाऊन काटे-काचा बाजूला करतं. शेलूबाजारच्या रस्त्याला लागेपर्यंत माझं सगळं लक्ष महाराजांच्या टाचांकडे होतं, कारण रस्त्याकडेला बारीक खडी पडलेली होती आणि ती कुठं जास्त आहे ते पुढून ओरडून सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं.

कामात गुंतलं की नग्नता विसरली जाते, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते आहाराच्या, म्हणजे मुनींच्या जेवणाच्या वेळी. सकाळी ज्या घरी चौका, म्हणजे मुनींसाठीचा सोवळ्यातला स्वयंपाक, लागलेला असतो, तिथली माणसं सोवळ्यात, हातात कलश-नारळ घेऊन दारात उभी राहतात आणि 'हे स्वामी, नमोस्तु, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ' असं पडगाहन, म्हणजे आवाहन, करतात. मुनी मनात काहीतरी विधी धरून निघालेले असतात. तो जुळला तर थांबतात, नाही जुळला तर उपाशी परततात. आत गेल्यावर ते उभेच राहतात आणि दोन्ही हातांची ओंजळ हेच ताट. घरातली सून फुलक्याचा तुकडा मोडते, दोन्ही बाजूंनी उलटून बघते, सासूला दाखवते, मग ओंजळीत ठेवते. दीर खाली मोठं पातेलं धरून थेंब झेलतो. एखादा केस किंवा किडा निघाला तर अंतराय, म्हणजे त्या दिवसाचं जेवण तिथंच संपलं आणि पाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी. त्यामुळे दहा-बारा जणांचे डोळे त्या ओंजळीवर खिळलेले असतात. त्या खोलीत एक पुरुष पूर्ण नग्न उभा आहे आणि सासू, सून, नातवंडं हातभर अंतरावर आहेत, याचा विचार करायला कुणाला सवडच नाही. मला तरी या प्रवासात याहून सुंदर काही दिसलं नाही.

बाहेरच्यांनी आहार बघायचा तर आधी विचारा आणि सांगतील तिथं उभं राहा. आहार द्यायचा असेल तर रात्रीचं जेवण सोडणं वगैरे नियम घ्यावे लागतात, ते आदल्या दिवशीच समजून घ्या. पाळीच्या दिवसांत बायकांना चौक्यापासून लांब राहायला सांगतात. मला ते पटत नाही आणि मी ते काकूंना सांगितलंही, पण दुसऱ्याच्या घरात त्यावरून वाद घातला नाही. एरवी बायकांनी मुनींच्या पायाला हात लावायचा नाही, अंतर राखून नमस्कार करायचा. आर्यिकांनीसुद्धा साधूंना सात हातांवरून वंदन करावं असा जुना दंडक आहे. मला या अंतरानं मोकळं वाटलं. कुठं उभं राहायचं हे ठरलेलं असलं की अंग चोरावं लागत नाही.

मुक्काम बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांत पडतो. एका गावात सकाळी निघायला उशीर झाला आणि पोरं दप्तरं घेऊन आलीच. महाराज व्हरांड्यात बसलेले. पोरं आधी भिंतीआडून डोकावली, मग पुढं सरकली. खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काय पाह्यता रे, पाया पडा." एका पोरानं विचारलं, "महाराज, तुमाले थंडी नाई वाजत काय?" महाराज मूळचे सांगलीकडचे, त्यांच्या बोलण्यात ते अजून आहे. "वाजती की," म्हणाले, "पण दहा वाजता ऊन येतंय न्हवं?" मग पिच्छीतलं पीस कुणाचं, मोराला मारून आणतात की गळलेलं उचलतात, यावर प्रश्नोत्तरं झाली. (गळलेलंच असतं.) घंटा झाली आणि पोरं वर्गात गेली. तुमच्यासोबत मुलं असतील तर त्यांना आधीच सरळ सांगा की हे साधू कपडे घालत नाहीत. दबक्या आवाजात सांगितलं तर मुलं दबक्या आवाजातच हसतात.

जैन नसलेल्या गावकऱ्यांना हे एवढं सोपं का जातं, याचं उत्तर मला जवळजवळ प्रत्येक चहाच्या टपरीवर टांगलेलं दिसलं. 23 फेब्रुवारी 1878 ला शेगावात प्रकटलेले गजानन महाराज त्या तसबिरीत दिगंबर अवस्थेत बसलेले असतात, आणि वऱ्हाडातली घरं त्यांच्यापुढे रोज उदबत्ती लावतात. एक म्हातारबा मला म्हणाले, "आमच्या बाबाइवानीच हायेत हे." त्यांच्या लेखी विषय तिथं मिटला होता.

फोटोबद्दल मात्र कडक राहा. विहारात सगळ्यात जास्त ओशाळवाणं वाटतं ते नग्नतेनं नाही, गाडी थांबवून मोबाईल रोखणाऱ्या माणसांमुळे. परवानगीशिवाय फोटो काढू नका, रील तर नाहीच. एका पुरुषाचं उघडं शरीर त्याच्या व्रतासकट रस्त्यावर आहे, ते उचलून अनोळखी लोकांच्या हसण्यासाठी टाकणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

परदेशात नग्नतावादी लोकांचंही असंच सहजीवन असतं. म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमध्ये ठरावीक हिरवळीवर कपडे काढून पहुडलेले आणि कपडे घातलेले शेजारीशेजारी असतात. रोखून बघू नये, फोटो काढू नये, शरीराचा संबंध वासनेशी जोडू नये, हे तिथलेही अलिखित नियम. फरक असा की तिथं कुणीही कपडे काढू शकतो, इथं तुम्ही कपड्यांतच राहायचं आहे. विहारात आलात म्हणून नदीवर उघडं पोहायला उतरू नका. सार्वजनिक अश्लील वर्तनाबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 296 आहे, आणि त्याहून आधी गावकऱ्यांचं मन दुखावेल.

सामानाचं थोडक्यात. सुती, अंगभर, सैल कपडे. चामड्याचा पट्टा, पाकीट घरी ठेवा. अंथरूण-पांघरूण स्वतःचं आणा. जेवण सूर्यास्ताच्या आत, कांदा-लसूण-बटाटा नाही. दुपारी सामायिकाच्या, म्हणजे ध्यानाच्या वेळी आणि रात्री मुनी मौनात असतात, तेव्हा भेटायला जाऊ नका. आणि हायवेवर चमकणारं जॅकेट घालाच. समृद्धी महामार्ग झाला तरी कारंजा-शेलूबाजार-मालेगाव या जुन्या रस्त्यावर ट्रक आहेत, आणि पहाटेच्या धुक्यात पायी चालणारे साधू गाडीखाली आल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. संघाच्या पुढं आणि मागं एकेक माणूस लाल झेंडा घेऊन हवाच. नसेल तर तुम्ही व्हा.

मालेगावहून शिरपूरला वळलात की शेवटचा टप्पा. इथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती अधांतरी आहे, तिच्याखालून कापड आरपार जातं असं मानतात. नग्न असावं की वस्त्रचिन्ह असावं, हा प्रश्न इथं खुद्द मूर्तीबाबतच उभा राहिला. श्वेतांबर, म्हणजे ज्यांचे साधू पांढरी वस्त्रं घालतात त्या जैनांच्या मते मूर्तीला कटिसूत्र आणि कछोटा (कमरेचा दोरा आणि लंगोटीची खूण) हवा, दिगंबरांच्या मते नको. 1905 मध्ये दोघांनी पूजेचं वेळापत्रक वाटून घेतलं, तरी भांडण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि 1929 ला श्वेतांबरांच्या बाजूनं निकाल लागला. दिगंबरांचा ठरलेल्या वेळी पूजेचा हक्क राहिला. 1981 पासून मंदिर बंद होतं, ते 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. गावात कुणालाही 'खरं कुणाचं' असं विचारू नका, जखम ताजी आहे. दर्शनाच्या वेळा धर्मशाळेत विचारून घ्या. गावाबाहेरचं पवळी मंदिर, जुन्या दगडी बांधणीचं, ते चुकवू नका.

परतीला वाशीमला जा, तिथून अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी मिळते. विहाराच्या तारखा आधी जाहीर होतातच असं नाही. कारंजा, अकोला किंवा वाशीमच्या दिगंबर मंदिरात कार्तिकी अष्टाह्निकेनंतर (जैनांच्या आठ दिवसांच्या पर्वानंतर) चौकशी करा, आणि होळीच्या आत जाऊन या. नंतर डांबर इतकं तापतं की चपला घालून चालणाऱ्यालाही दुपारी पाय उचलवत नाही.