नावात पाय आणि चालंना

उद्यमनगरात बाबांच्या लेथच्या शेडमागं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मुलींनी आत येऊ नये अशी पाटी नव्हती. पण कुणी जायचं नाही. मी जायचे, दादाला जेवायला बोलवायला. त्याचा शेवटचा जीव संपेपर्यंत मागं उभं राहून मला मुस्तफा पाठ झाला. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा. आपल्याकडं तो पिवळ्या टोपीवाल्याच्या नावानंच चालला.

परवा तो रास्पबेरी पाय झिरो या इवल्याशा कॉम्प्युटरवर चढवला. च्युइंगमच्या पाकिटाएवढा बोर्ड, एकच कोअर, १००० मेगाहर्ट्झ. म्युझिक रडायला लागलं, मुस्तफा चिखलातनं चालल्यासारखा.

"नावातच पाय हाय, आन चालंना," दादा म्हणाला. "मूळ मशीन कितीचं हुतं?"

मुख्य प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा.

"मग हजारावर का आडतंय? चार्जर गंडला आसंल."

चार्जर ठीक होता. मूळ बोर्डावर ६८००० नावाचा प्रोसेसर खेळ चालवतो, झेड८० नावाचा दुसरा आवाजाचं बघतो, क्यूसाउंडची चिप तो आवाज मिसळते, चित्रांना आणखी वेगळ्या चिपा. म्हणजे चार लेथवर चार कामगार, एकाच वेळी. इथं कामगार एकच. त्यानं चारी मशीनवर पळायचं, वर प्रत्येक सूचना परक्या भाषेतनं समजून घ्यायची. एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, वेळ जेमतेम १७ मिलिसेकंद. हे लेथच्या भाषेत सांगितल्यावर दादा गप्प झाला.

चूक माझीच. मी नवा मामे टाकला होता, म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. त्याला मूळ यंत्र जसंच्या तसं उभं करायचं असतं. आपला बोर्ड धापा टाकतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जुन्या ०.७८ आवृत्तीवर बेतलेला मामे २००३ बऱ्याच ठिकाणी जवळची वाट घेतो, म्हणून हलका. पण रॉमचा, म्हणजे गेमच्या फायलींचा, संचही त्याच आवृत्तीचा लागतो. यात दोन रविवार गेले. जुन्या टीव्हीच्या रेषा दाखवणारा शेडरही काढला, हौसेचा होता तरी.

जॉयस्टिकचा गोळा दादानं लेथवर काढून दिला, पितळेचा. जरा जड झालाय, पण त्याला सांगायचं कुणी?

काल लाईट गेली तेव्हा बोर्ड आणि छोटा स्क्रीन पॉवर बँकेवर लावला. दादानं सवयीनं मुस्तफा घेतला, मी हॅना.

"तिला कोण घेतं गं?"

दुसऱ्या स्टेजला त्याचाच जीव आधी गेला. वहिनी जेवायला बोलवायला आली. म्हटलं, थांब, माझे दोन राहिलेत.