त्याला तळच नव्हता

मे महिन्याचा शेवट होता. भोसरी एमआयडीसीत क्रोम प्लेटिंगचा एक कारखाना कधीचाच बंद पडला होता. त्याची जागा साफ करायचं काम आमच्याकडे होतं. शेड आधीच पाडलेली, मालकाचा जागा विकायचा विचार पक्का, आणि पाऊस यायच्या आत खड्डा बुजवून द्यायचा असं ठरलेलं.

अशा जागेवर उन्हाळ्यात गेलं की विष डोळ्यांना दिसतं. प्लेटिंगच्या क्रोमिक ॲसिडमधलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं सहा संयुजेचं विषारी रूप, पाण्यात सहज विरघळतं. पावसात ते पाण्याबरोबर खाली उतरतं, आणि माती सुकू लागली की ओलाव्याबरोबर वर चढतं. पाणी उडून जातं आणि जोत्याच्या विटांवर हळदीसारखा पिवळा थर उरतो. दिसायला सुंदर. त्याची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. पोकलेनवाल्याला हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, तरी मास्क गळ्यातच असायचा. बेचाळीस अंशांत मास्क लावून बसणं किती कठीण ते मला कळतं. तरीही त्या एका गोष्टीवरून मी रोज भांडले.

त्या दिवशी दुपारपर्यंत पिवळी माती संपली आणि स्वच्छ मुरूम लागला. ताडपत्री बांधलेले शेवटचे दोन डंपर मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, घेऊन रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे निघाले. काम उरकलं, असं मला मनापासून वाटलं.

गेटवरचे वॉचमन काका तेव्हा जवळ आले. त्यांनी याच शॉपमध्ये टाक्यांवर काम केलं होतं. बोलताना त्यांचा श्वास नाकातून शिट्टीसारखा वाजायचा. क्रोमिकच्या वाफेनं नाकाचा पडदा फाटतो, तसा त्यांचा फाटलेला.

"मॅडम, हौद कुठाय ते तुम्ही विचारलंच नाही."

"कुठला हौद? नकाशात तर काही नाही."

"नकाशात नसणारच. टाक्या धुतलेलं पाणी त्यात सोडायचो. कितीही सोडा, भरायचाच नाही. त्याला तळच नव्हता."

गेटच्या खांबापासून पावलं मोजत ते निघाले आणि आम्ही ज्या कोपऱ्यात नमुनाच घेतला नव्हता तिथे थांबले. ही चूक माझी होती. कागदावरच्या नकाशाला मी पुरावा मानलं, आणि रोज 'चहा घेतला का मॅडम' विचारणाऱ्या माणसाला काही विचारलं नाही.

तीन मीटरवर मुरूम संपला, काळा दगड उघडा पडला. दगडाच्या सांध्यांत पिवळ्या रेघा होत्या, पानाच्या शिरांसारख्या खाली खाली जाणाऱ्या. पुण्याच्या बसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि सांध्यांतून फिरतं. म्हणून तर इथे एका बोअरला पाणी लागतं आणि वीस फुटांवरची कोरडी जाते. माती खणून नेता येते, पण या रेघा पोकलेननं उचलता येत नाहीत.

मी आजूबाजूच्या तीन बोअरचं पाणी मागवलं. डायफिनाईलकार्बाझाइड हे क्रोमियमचं हे विषारी रूप असलं की जांभळं होणारं रसायन. त्याचे थेंब टाकल्यावर पहिल्या दोन नळ्या तशाच राहिल्या. तिसरं पाणीही नितळ दिसत होतं. त्यात थेंब पडले आणि नळी जांभळी झाली. एकूण क्रोमियमची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. एवढा गडद रंग त्याच्या कितीतरी वरचा होता.

तिसरी बोअर भिंतीपलीकडची. आम्ही महिनाभर जिथे चहा प्यायलो, त्या टपरीला तिथूनच पाणी मिळायचं.

मी नळी घेऊनच मावशींकडे गेले. "चहाला नळाचंच पाणी घेते हो," त्या घाईघाईनं म्हणाल्या. मग हातातल्या ग्लासाकडे बघत राहिल्या. "भांडी धुवायला ते. आणि पोरांच्या आंघोळीला." त्यांच्या बोटांच्या पेरांवर बऱ्या न होणाऱ्या बारीक जखमा होत्या. मी त्या रोज पाहत होते आणि साबणाच्या समजत होते. आजही नेमकं कारण मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. खड्डा भरा, दगडातलं काढायला कुठल्या कायद्यात लिहिलंय? दूषित जागांसाठीचे स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले. तेव्हा ते नव्हते. मी एवढंच म्हणाले की जागा स्वच्छ असल्याच्या कागदावर माझी सही मिळणार नाही, आणि तिसऱ्या बोअरचा अहवाल आज रात्रीच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाईल. तो गेला.

दुसऱ्या दिवशी हिराकसच्या गोण्या आल्या. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, फेरस सल्फेट. तो या क्रोमियमची संयुजा सहावरून तीनवर आणतो. मग ते सहजी विरघळत नाही, साक्यासारखं जागीच बसतं. ज्या सांध्यांतून विष गेलं त्यांतूनच द्रावण सोडायचं ठरवलं. खड्ड्याच्या तळाशी साचलेलं पिवळं पाणी आमच्यासमोर गढूळ हिरवट होत गेलं. काका कडेला उभे होते.

"मावशीच्या बोअरपर्यंत पोचेल?"

"पोचायला हवं, काका. दर आठवड्याला बघू."

चौथ्या आठवड्याची नळीही जांभळीच निघाली, पहिल्यापेक्षा फिकी. बोअरच्या बटणावर मावशींनी स्वतः लावलेली चिकटपट्टी तशीच होती.