कोरी चिठ्ठी

दहावीत असताना मराठीच्या बाईंनी एका दुपारी फळ्यावर सोळा ओळींची कविता लिहिली. ती पाठ्यपुस्तकातली नव्हती. परीक्षेला येणार नाही म्हटल्यावर मागची बाकं जरा सैलावली. कवितेत तसं फारसं काही घडतही नव्हतं. कुणीतरी निघून गेलेलं आहे. मागे राहिलेलं माणूस संध्याकाळी दिवा लावतं, खुंटीवरचा सदरा झटकून पुन्हा तिथेच अडकवतं आणि निजताना दाराला कडी घालत नाही. एवढंच. जीव लावलेलं ते माणूस रुसून गेलं, दुसऱ्या कुणाचं झालं की वारलं, याबद्दल एक अक्षर नाही.

बाईंनी ती दोनदा वाचली. अर्थ सांगितला नाही. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, ‘नाव घालू नका. काय समजलं ते नको, वाचताना काय झालं ते लिहा.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. त्यातल्या काही मला अजून जशाच्या तशा आठवतात. ‘घसा दुखला.’ ‘आधी हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली.’ ‘राग आला. कडी घालायला हवी होती.’ एकाने सातवीत शाळा सोडून गेलेल्या मित्राबद्दल लिहिलं होतं, एकीने आजीबद्दल. आणि एक चिठ्ठी होती, ‘माझं कुणावर प्रेम नाही, कधी झालेलं नाही, तरी रडू आलं. का ते कळत नाही.’

यावर कुणीतरी खुदकन हसलं. बाई थांबल्या, आणि उरलेल्या तासाचा बराचसा भाग त्यांनी त्या एका चिठ्ठीला दिला. आपल्याकडे या ‘का’चा विचार हजार वर्षांपूर्वी झालेला आहे, असं त्यांनी सांगितलं. भट्टनायक या काव्यशास्त्रकाराने त्याला साधारणीकरण म्हटलं, त्याच्यानंतरच्या अभिनवगुप्ताने तो विचार पुढे नेला. कवितेतलं दुःख कवीच्या नावावर राहत नाही आणि वाचणाऱ्याच्या नावावरही चढत नाही. ते कुणा एकाचं उरत नाही, म्हणून तर ज्याने प्रेम केलेलं नाही त्याच्याही डोळ्यांत पाणी येतं. ‘ज्याने हे लिहिलं तो सहृदय आहे,’ बाई म्हणाल्या, ‘आणि हा शब्द शास्त्रातला आहे, कौतुकाचा नाही. कवितेशी ज्याचं मन जुळतं तो सहृदय.’ पुढे रसग्रहणाची कितीतरी उत्तरं मी लिहिली. अलंकार ओळखले, वृत्त सांगितलं, गुणही मिळवले. पण रसग्रहण म्हणावं असं जे काही मी पाहिलं, ते त्या चिठ्ठीत होतं. भावनेने वाचलं की कविता नीट समजत नाही असं म्हणणारी माणसं नंतर बरीच भेटली. मला ते कधीच पटलं नाही.

मग बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले: विप्रलंभ आणि करुण. एक विरहाचा, दुसरा शोकाचा. दोन्हींत ताटातूट असते, अश्रू असतात. फरक भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात सांगितला आहे: विप्रलंभ सापेक्ष, करुण निरपेक्ष. ‘अपेक्षा शिल्लक आहे का, तेवढंच बघायचं.’ मेघदूतातला यक्ष प्रियेला निरोप धाडतो की उरलेले चार महिने डोळे मिटून काढ. त्याच्या दुःखाला मुदत आहे, म्हणून तो विप्रलंभ. रघुवंशाच्या आठव्या सर्गात अज राजा मरण पावलेल्या राणीसाठी, इंदुमतीसाठी विलाप करतो, तिथे मोजायला महिनेच नाहीत. तो करुण. ‘आता फळ्यावरची कविता यातली कोणती?’

वर्ग दुभंगला. कडी उघडी आहे म्हणजे आशा आहे, असं एक बाजू म्हणे. सदरा झटकून ठेवणं हे गेलेल्या माणसाच्या वस्तूंचं करतात, असं दुसरी. वाद अगदी हातघाईवर आला. बाईंनी निकाल दिला नाही. चिठ्ठ्या उचलल्या आणि त्यांचे टेबलावर दोन गठ्ठे लावायला घेतले. ज्यांच्या चिठ्ठीत आजी होती, ते करुणात गेले. ज्यांचा मित्र लांबच्या शाळेत गेला होता, ते विप्रलंभात. कवितेने मोकळी ठेवलेली जागा ज्याने त्याने आपल्या माणसाने भरली होती. शास्त्र मी पुढे आणखी थोडंफार वाचलं, पण ते खरं आहे हे त्या टेबलापाशी कळलं.

शेवटची चिठ्ठी कोरी निघाली. बाईंनी ती उलटून पाहिली. कुणाची म्हणून विचारलं नाही. आधी एका गठ्ठ्याकडे नेली, मग दुसऱ्याकडे, आणि अखेर दोन्हींच्या मध्ये ठेवली.

बाई, ती माझी होती.

माझे वडील मी तिसरीत असताना घरातून निघून गेले. भांडण नव्हतं, चिठ्ठी नव्हती, पुढे खबरही आली नाही. ते आहेत असं म्हणावं तर पुरावा नाही, नाहीत म्हणावं तर जीभ रेटत नाही. यक्षाचे चार महिने आमच्याकडे नव्हते, आणि अजासारखं मोकळं रडताही येत नव्हतं. ‘काय झालं ते लिहा’ म्हटल्यावर मी पेन्सिल हातात धरून तास संपेपर्यंत बसलो होतो. ती मधली जागा तुम्ही माझ्यासाठी केलीत, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही.

त्या संध्याकाळी वहीत उतरवून घेतलेली कविता मी आईला वाचून दाखवली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी ओळ न ओळ सावकाश वाचली. सदऱ्याच्या ओळीपाशी तिचे हात थांबले, पुन्हा चालू झाले. वाचून झाल्यावर तिने विचारलं, ‘पुढे?’

‘पुढे नाही. इथेच संपते.’

‘येतं का ते माणूस?’

‘सांगितलेलं नाही.’

तिने वही माझ्या हातातून घेतली, शेवटच्या चार ओळी मनाशी वाचल्या आणि परत दिली.

‘मग बरोबर लिहिलंय,’ म्हणाली, आणि पुढची घडी घातली.