गालातल्या गालात

मागच्या रविवारी टोकियोहून फोनवर आईला सांगत होते, "शेजारच्या आजी आज मला हसल्या."

"तुला हसल्या? का गं, काय केलंस तू?" आईचा आवाज लगेच चढला.

"मला नाही गं, माझ्याकडे बघून हसल्या."

एवढाच फरक. 'मला हसली' म्हणजे टर उडवली आणि 'माझ्याकडे बघून हसली' म्हणजे ओळख दाखवली. गंमत म्हणजे जपानीतही हे असंच आहे. 'वाराउ' म्हणजे हसणं. पण माणूस त्या क्रियापदाचं कर्म झाला, की 'हितो ओ वाराउ' म्हणजे माणसाची चेष्टा करणं. इंग्रजीत स्मितहास्य आणि मोठ्यानं हसणं यांना दोन वेगळे शब्द लागतात. 'वाराउ' आपल्या 'हसणं'सारखं दोन्ही पोटात घेतं. म्हणून मग कसं हसली, ते वेगळं सांगावं लागतं.

आणि सांगायला शब्द किती! 'कुसुकुसु' म्हणजे तोंडावर हात ठेवून दबक्या आवाजात, 'गेरागेरा' म्हणजे खदाखदा. इथवर मला सोपं गेलं, कारण आपलं खुदुखुदु, खीखी, फिदीफिदी हेही आवाजातूनच आलेलं आहे. अडलं ते बिनआवाजाच्या शब्दांशी. 'निकोनिको' म्हणजे प्रसन्न, हसतमुख. 'नियानिया' म्हणजे मनात काहीतरी ठेवून, ओठ ताणून हसणं, आपल्या छद्मी हसण्याच्या जवळचं. टोकियोतल्या पहिल्या वर्षी ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंना मनापासून म्हणाले, "तुम्ही नेहमी नियानिया करत असता." त्यांचा चेहरा पडला. संध्याकाळी जपानीच्या वर्गात बाईंना विचारलं तेव्हा कळलं मी काय बोलून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी जाऊन माफी मागितली. त्या हसल्या, आणि ते निकोनिकोच होतं.

त्या दिवसापासून मी वहीत हसणी गोळा करायला लागले. 'तेरेवाराई' हे लाजून हसणं. 'आइसोवाराई' हे समोरच्याला बरं वाटावं म्हणून हसणं. 'निगावाराई' म्हणजे शब्दशः कडू हसू, काही बोलता येत नाही तेव्हाचं. आपण त्याला कसनुसं हसणं म्हणू. तरुण मुलं मेसेजमध्ये 'वाराई'चं पहिलं रोमन अक्षर, डब्ल्यू, ओळीनं टाइप करतात. ते गवत उगवल्यासारखं दिसतं, म्हणून खूप हसू येण्यालाच आता 'कुसा', म्हणजे गवत, म्हणतात.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द 'होहोएमु'. मंद, आवाज न करता हसणं. 'होहो' म्हणजे गाल आणि 'एमु' म्हणजे हसणं. गालातल्या गालात हसणं! बाईंनी ही फोड फळ्यावर लिहिली तेव्हा मी वर्गात मोठ्यानं मराठीतच ओरडले. इतक्या लांबच्या दोन भाषांनी ते हसू एकाच जागी पाहिलं, ओठांवर नाही, गालात. त्यातलं 'एमु' तर आणखी सुंदर. फूल उमलतं, तयार झालेल्या चेस्टनटचं काटेरी कवच उलतं, त्यालाही जुन्या भाषेत 'एमु' म्हणतात. 'साकु', म्हणजे फुलणं, यासाठी जपानीत जी चित्रलिपीतली खूण वापरतात, ती मुळात चिनीत हसण्याची होती. तिच्यात डाव्या बाजूला चक्क तोंड काढलेलं आहे. आपण 'कळी खुलली' म्हणतो, ते बाईंना समजावून सांगायला मला भाषांतराची गरजच पडली नाही.

वसंतातल्या डोंगरालाही इथे हसायला लावतात. 'यामा वाराउ', डोंगर हसतोय, हा हायकूतला वसंत ऋतूचा शब्द आहे. मूळ कल्पना अकराव्या शतकातल्या कुओ शी या चिनी चित्रकाराची: डोंगर वसंतात हसतो, उन्हाळ्यात पाझरतो, शरदात सजतो आणि हिवाळ्यात झोपतो. एप्रिलमध्ये टोकियोजवळच्या ५९९ मीटर उंचीच्या ताकाओ डोंगरावर गेले होते. कोवळी पोपटी पालवी आणि मधूनच चेरीचा फिका गुलाबी ठिपका. खरंच हसत होता. आपला सह्याद्री मात्र हसतो तो पावसात, यावर मी ठाम आहे.

आता शेजारच्या आजी. गेल्या शरदात लिफ्टमध्ये भेटल्या. "दोन आठवड्यांपूर्वी आमचे हे गेले," असं म्हणाल्या आणि हसल्या. मला काय बोलावं सुचेना. घरी येऊन वही उघडली, पण त्या हसण्याला एकही शब्द सापडला नाही. बाई म्हणाल्या, "तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्या हसल्या." मग आजोबांच्या तेराव्याला दारात उभी असलेली माझी आजी आठवली. येणाऱ्या प्रत्येकाला हसून म्हणत होती, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं." तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आजीचा मला राग आला होता.

त्यानंतर हिवाळाभर आजी जिन्यात भेटल्या की वाकून नमस्कार करायच्या, तेच हसू हसायच्या आणि निघून जायच्या. रविवारी त्यांनी स्वतःहून माझं दार वाजवलं. हातात ट्युलिपची कुंडी. "साइता," म्हणाल्या. फुललं. आजोबांनी लावलेले कंद होते ते.

"मग कशा हसल्या?" आईनं विचारलं.

"गालातल्या गालात," मी म्हटलं.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "उद्या त्यांना थोडा शिरा नेऊन दे."