टाइमर वेळेवर, काम उशिरा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत ट्रान्सफॉर्मरच्या चाचणीला लागणारी मोजणीयंत्रं बनतात. यंत्रात दोन कोरचा एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स ५.१० आणि शेजारी एक एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप. व्होल्टेज आणि करंटचे नमुने एफपीजीए आपल्या फिफोत, म्हणजे आधी आलेलं आधी बाहेर देणाऱ्या छोट्या साठ्यात, ठेवतो आणि कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, चालणारा आमचा ड्रायव्हर दर चार मिलिसेकंदांनी टाइमर लावून ते उचलतो. फिफोत वीस मिलिसेकंदांचे नमुने मावतात. म्हणजे टाइमरला थोडा उशीर झाला तरी काही बिघडत नाही, आणि अनेक कारखान्यांत हे यंत्र बिनतक्रार चाललं होतं.

मंजूसरच्या एका कारखान्यातून फोन आला, "बेन, डेटा नथी आवतो." डेटा पूर्ण बंद नव्हता, मधूनमधून आलेखाचा तुकडा गायब व्हायचा. पण वीज सोडताक्षणी करंट उसळतो तो क्षणच टिपायला हे यंत्र लावलेलं असतं. नेमका तोच नसेल तर बाकीचा आलेख कितीही सुंदर असो, चाचणी पुन्हा करावी लागते आणि टनावारी वजनाचा ट्रान्सफॉर्मर जागेवर अडकून पडतो.

मी तिथे गेले तेव्हा सोबत आमच्या टीममधला सर्वांत तरुण मुलगा होता. दांडिया बाजारातला, कलाभवन या बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकताच शिकून बाहेर पडलेला. केबल आणि अर्थिंग कारखान्याच्या लोकांनी आधीच तपासलं होतं, त्यामुळे आम्ही थेट लॅपटॉप उघडला. टाइमरला उशीर होतोय हे त्याने लगेच ओळखलं आणि म्हणाला, "ताई, टाइमरच्या मागे कशाला लागायचं? आपला स्वतःचा सॉफ्टआयआरक्यू रजिस्टर करू. ओपन_सॉफ्टआयआरक्यू ही एका ओळीची हाक आहे."

त्याने लिहून पाहिलं. मॉड्यूल बांधलंच जाईना, कारण हे फंक्शन कर्नल बाहेरच्या मॉड्यूलला देतच नाही. तो हिरमुसला, पण मला हा नकार फार शहाणपणाचा वाटतो आणि तो का आहे हे मी त्याला तिथेच बसून सांगितलं. इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने कोरला हातातलं काम थांबवायला लावणारी खूण, आणि त्यातलं जे काम जरा मागून केलं तरी चालतं ते सॉफ्टआयआरक्यूत जातं. त्याचे प्रकार कर्नल बांधतानाच ठरलेले असतात, एकूण दहा. टाइमर, नेटवर्कचं पाठवणं, नेटवर्कचं घेणं, डिस्क, टास्कलेट, शेड्युलर, आरसीयू वगैरे. रजिस्टर करणं म्हणजे त्या पक्क्या तक्त्यातल्या एका खणात फंक्शनचा पत्ता ठेवणं. शेड्यूल करणं म्हणजे त्या कोरच्या नावाने असलेल्या एका आकड्यातला एक बिट उभा करणं. बस्स. खरा इंटरप्ट संपला की कर्नल तो आकडा पाहतो आणि खालच्या बिटापासून वरच्या बिटापर्यंत एकेक हँडलर, म्हणजे खणातलं फंक्शन, चालवतो.

"मग टाइमर तर नेटवर्कच्या आधी आहे," तो म्हणाला. "टाइमर एक नंबर, नेटवर्कचं घेणं तीन. उशीर व्हायलाच नको."

अगदी खरं होतं, आणि त्या दिवशीची खरी गाठ तिथेच होती.

आम्ही एफट्रेस, म्हणजे कर्नलमध्ये कधी काय घडलं ते टिपणारं साधन, चालू केलं. सॉफ्टआयआरक्यूसाठी त्यात तीन नोंदी मिळतात: बिट उभा झाला तो क्षण, हँडलर सुरू झाला तो आणि संपला तो. टाइमरचा बिट दर चार मिलिसेकंदांनी घड्याळासारखा उभा होत होता. हँडलर मात्र कधी तीन मिलिसेकंदांनी सुरू व्हायचा, कधी बाराने आणि एकदा तर एकतीसने. वीसच्या पुढे गेलं की फिफो उतू जाणार, आणि आलेखातलं प्रत्येक भोक अशाच एका नोंदीशी जुळत होतं. मी त्याला म्हटलं, आता अंदाज बांधायचे नाहीत, या मधल्या वेळात कोर ० वर, म्हणजे दोनपैकी पहिल्या कोरवर, काय चाललंय तेवढंच वाच.

तिथे केसॉफ्टआयआरक्यूडी नावाचा कर्नलचा थ्रेड, म्हणजे आपली पाळी येईल तेव्हा चालणारं काम, रांगेत उभा होता. इंटरप्टच्या शेपटीला सॉफ्टआयआरक्यूचं काम किती वेळ चालू द्यायचं याला मर्यादा आहे: दोन मिलिसेकंद किंवा दहा फेऱ्या. त्याउपर काम उरलं तर कर्नल ते त्या कोरच्या केसॉफ्टआयआरक्यूडी या थ्रेडवर सोपवतो. हा थ्रेड साध्या प्राधान्याचा असतो. आमची डेटाचा आकार लहान करणारी, एन्क्रिप्ट करणारी आणि वेबपान दाखवणारी प्रोसेस ज्या रांगेत, त्याच रांगेत तोही. आणि ५.१० मध्ये नियम असा आहे की तो जागा असेपर्यंत नवे सॉफ्टआयआरक्यू इंटरप्टच्या शेपटीला चालवायचे नाहीत, त्याच्यासाठीच ठेवायचे. हा नियम २०१६ मध्ये ४.९ साठी आला, आणि हेतू चांगला होता: पॅकेटचा लोंढा आला तरी साध्या प्रोसेस उपाशी राहू नयेत. त्यातून यूएसबीवरून टीव्ही पाहणाऱ्यांचा डेटा गळू लागला म्हणून २०१८ मध्ये टास्कलेटला या नियमातून सूट मिळाली. टाइमरला मिळाली नाही. नेटवर्कच्या भाराने थ्रेड जागा राहायचा आणि त्याच्यामागे आमचा बिचारा टाइमर ताटकळायचा. एक नंबर असूनही.

आता एवढा भार कुठून? प्रॉक-सॉफ्टआयआरक्यूज ही कर्नलची कोरवार मोजदाद उघडली तर नेटवर्कच्या ओळीतला जवळजवळ सगळा आकडा कोर ० खाली. चौकशी केल्यावर कळलं की कारखान्याने त्याच स्विचवर नवे कॅमेरे लावलेत आणि ते मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेकांसाठी, चित्र पाठवतात. साधा स्विच मल्टिकास्ट सगळ्या पोर्टांवर सोडतो. एरवी नेटवर्क कार्डाने नको ती पॅकेटं दारातच टाकली असती, पण आमच्या यंत्राची दोन्ही पोर्टं ब्रिजमध्ये, म्हणजे एकमेकांना आतून जोडलेली, आहेत, यंत्राला यंत्र जोडता यावं म्हणून. ब्रिजमधलं पोर्ट आलेलं सगळं आत घेतं. शिफ्टच्या सुपरवायझरनी दोन मिनिटं कॅमेऱ्यांचा स्विच काढून दिला आणि केसॉफ्टआयआरक्यूडी यादीतून दिसेनासा झाला. तो पोरगा खुर्चीतून उठूनच उभा राहिला!

पण कॅमेरे काढा असं ग्राहकाला सांगणं मला मान्य नव्हतं. उद्या दुसरं काहीतरी येईल. त्या संध्याकाळपुरता नेटवर्कचा इंटरप्ट एसएमपी-ॲफिनिटीने, म्हणजे इंटरप्ट कुठल्या कोरवर यावा ते ठरवणाऱ्या सेटिंगने, कोर १ वर नेला, तेवढ्याने भोकं थांबली. खरी दुरुस्ती बडोद्याला परतल्यावर केली. फिफो अर्धा भरला की एफपीजीए एक इंटरप्ट देऊ शकतो. तो आम्ही जोडून घेतला आणि रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यूने हँडलर रजिस्टर केला. असा हँडलर स्वतःच्या थ्रेडमध्ये चालतो आणि त्या थ्रेडला रिअल-टाइम प्राधान्य ५० आपोआप मिळतं. साध्या प्रोसेस आणि केसॉफ्टआयआरक्यूडी दोन्ही त्याच्या मागे. हा बदल त्या मुलानेच लिहिला. मी फक्त लॉक, म्हणजे एकाच डेटाला दोघांचा हात एकदम लागू न देणारी कुलपं, कुठे हवेत ते दाखवलं, कारण थ्रेडमध्ये झोपायची, म्हणजे थांबून वाट पाहायची, मुभा असते आणि सॉफ्टआयआरक्यूत नसते.

२०१६ चा तो नियम मूळ कर्नलमधून २०२३ मध्ये मागे घेतला गेला. म्हणून त्याने विचारलं, "ताई, नवीन कर्नलवर गेलो की पुन्हा टाइमर लावायचा का?" मी नाही म्हटलं. नमुने वेळेत उचलले गेलेच पाहिजेत ही आपली गरज आहे, ती आपल्याच ड्रायव्हरमध्ये लिहिलेली हवी. आता आमच्या टेबलावर एक जुना कॅमेरा आणि साधा स्विच कायमचा जोडलेला आहे. प्रत्येक नवं फर्मवेअर रात्रभर त्या लोंढ्याखाली चालतं, आणि इंटरप्टपासून थ्रेड सुरू होईपर्यंतचं सर्वांत मोठं अंतर सकाळी तो मुलगा स्वतः तपासतो.