चढणीचा मासा कायद्यात आहे, आपल्या अर्जात नाही

फ्लोरिडातल्या भाच्यानं पाठवलेली एक बातमी आमच्या माहेरच्या ग्रुपवर अजून फिरते आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी राज्याच्या घटनेत दुरुस्ती मंजूर केली. मासेमारी आणि शिकार, तीही पारंपरिक पद्धतींसकट, लोकांचा हक्क म्हणून कायमची जपली जाईल, असं आता तिथल्या घटनेत आहे. अशा दुरुस्तीला तिथं साठ टक्के मतं लागतात, त्याहून जास्त पडली. दादानं खाली लिहिलं, "आपल्याकडं असा कायदा कोण करणार? रानडुकरं रोज शेतात येऊलाल्यात." मग चुलतभावांनी अंगठे दिले. उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथं लिहिते. ते शिकारीबद्दल कमी आणि पावसाळ्यात ओढ्यात उलटा चढणाऱ्या माशाबद्दल जास्त आहे.

आमचं माहेर बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या रस्त्याला. तिन्ही बाजूंना रान, एका अंगाला व्हाळ, म्हणजे ओढा, आणि तो पुढं मलप्रभा नदीला मिळतो. आजोबांकडं ठासणीची बंदूक होती. शिमग्याच्या आसपास गावची शिकार निघायची, पोरं हाकारे घालायची आणि संध्याकाळी वाटे पडायचे. ज्या घरातून कुणी गेलं नाही, त्या विधवेच्या घरीही वाटा जायचा. दादाच्या बोलण्यात हा सगळा काळ असतो. त्याचं दुःख खोटं नाही. पोटरीला आलेलं भात एका रात्रीत लोळवलेलं मी स्वतः बघितलंय, आणि निवडणूक आली की परवान्याची बंदूकसुद्धा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.

अमेरिकेतल्या त्या कायद्यांबद्दल मी मिळेल तेवढं वाचलं. व्हर्माँटच्या घटनेत शिकारीचं आणि मासेमारीचं स्वातंत्र्य १७७७ पासून आहे. नंतर जवळजवळ सव्वादोनशे वर्षं दुसऱ्या कुठल्या राज्याला शिकारीचा हक्क घटनेत लिहायची गरज वाटली नाही. १९९६ ला अलाबामानं सुरुवात केली, १९९८ ला मिनेसोटानं शिकार आणि मासेमारी हा आपल्या वारशाचा मोलाचा भाग आहे असं लिहिलं, २००३ ला विस्कॉन्सिननं सापळे लावण्याचा हक्कही घातला, आणि आता अशी वीसहून जास्त राज्यं झालीत. ॲरिझोनाच्या मतदारांनी मात्र २०१० ला नकार दिला. शिकारीला जाणारे कमी होत चालले, शहरातला मतदार वाढला, उद्या कुणी बंदी आणेल ही भीती त्यामागं आहे. पण दादानं एक गोष्ट वाचलेली नाही. या कलमांनी सरकारचा नियम करायचा अधिकार काढून घेतलेला नाही. परवाना आहे, हंगाम आहे, किती मारायचं याची मर्यादा आहे. नियम पाळणाऱ्यालाच तो हक्क.

आता आपल्याकडं. वन्यजीव हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या यादीतून समवर्ती यादीत गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, विष घालणं, फास लावणं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्नसुद्धा शिकारच. दादा म्हणतो, बैलांच्या शर्यतीला कायदा झालाच की. झाला. कर्नाटकानं, महाराष्ट्रानं, तमिळनाडूनं प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या कायद्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं त्या मान्य केल्या. राज्यानं दुरुस्ती करायची, राष्ट्रपतींची संमती घ्यायची, हा रस्ता कागदावर शिकारीलाही बंद नाही.

मला तो रस्ता नको, दादा.

फास डुकरासाठी लावला तरी त्यात डूकरच सापडेल असं नाही. मोटरसायकलच्या क्लचची तार झुडपाला बांधतात. त्यात सांबर अडकतं, बिबट्या अडकतो, घरचा कुत्रा अडकतो, आणि तो जीव रात्रभर ओढत राहतो. ज्या भीमगड रानाला २०११ मध्ये अभयारण्य केलं, ते एकशे नव्वद चौरस किलोमीटरचं. त्यातल्या बारापेडे गुहांमधली वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. आजोबांच्या वेळी रानही मोठं होतं आणि बंदुकाही मोजक्या होत्या. डुकराचा प्रश्न वेगळा काढायला हवा. उभ्या पिकाला धोका झाला तर मारायची परवानगी देता येते, हे त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. ती वेळेत मिळावी आणि भरपाई पुढच्या पेरणीच्या आत हातात पडावी, यासाठी भांडायला मी तुझ्याबरोबर येते.

शिकारीवर पोट असलेले लोक आपल्यापेक्षा वेगळेच. आपल्या जिल्ह्यातले हरणशिकारी, पलीकडचे फासेपारधी. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अशा जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, ते १९५२ पर्यंत. नंतर रान बंद झालं आणि बदल्यात ना जमीन मिळाली ना काम. परंपरा जपायचा कायदा म्हणणाऱ्यानं आधी त्यांच्या पालांवर जाऊन यावं.

मी ज्या परंपरेसाठी कायद्याचा आधार मागते ती व्हाळातली आहे.

मृग लागून दोन-तीन जोराचे पाऊस झाले की व्हाळ तांबडा होतो आणि मासा उलटा चढायला लागतो. नदीतून व्हाळात, व्हाळातून पाटात, पाटातून भाताच्या वाफ्यात. अंडी घालायला उथळ, शांत, कोमट पाणी त्याला वाफ्यातच मिळतं. आई कंदील घेऊन बांधावर उभी राहायची, बाबा बांबूचा सापळा लावायचे. तोंडाला रुंद, आत निमुळत्या कांब्या, मासा शिरला की मागं फिरू शकत नाही. मरळ, वाम, शिंगटी, झिंगे, आणि खेकडे तर हातानंच. दुसऱ्या दिवशी घराघरात तिरफळ घातलेलं कालवण. गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, पोरांना.

या धरण्याला रीत होती, आणि ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती. सापळा व्हाळाच्या एकाच कडेला, दुसरी कड मोकळी. पहिला लोंढा जाऊ द्यायचा. देवाच्या कोंडीत, म्हणजे व्हाळातल्या देवाच्या नावानं राखलेल्या खोल डोहात, कुणी जाळं टाकायचं नाही, उन्हाळ्यात बाकी सगळं आटलं तरी नाही, कारण पुढच्या पावसातला मासा तिथूनच निघतो. हे मला बाबांनी समजावून सांगितलं नाही. ते एक कड सोडून सापळा लावायचे आणि आम्ही बघायचो.

आता काय होतं? शहरातून गाड्या येतात. मच्छरदाणीचं जाळं व्हाळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बांधतात, बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही. कोंडीत ब्लिचिंग पावडर टाकतात, जिलेटिनचा तोटा फोडतात, इन्व्हर्टरची तार सोडतात. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यानंच बंदी घातली आहे, सव्वाशे वर्षं झाली. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्या बंद असतात आणि मालपे-कारवारचे लोक ते पाळतात. आमच्या व्हाळात त्याच दिवसांत गाभोळीनं भरलेली मादी पोत्यानं जाते. गावच्या म्हाताऱ्यानं हटकलं की ऐकून घ्यावं लागतं, "व्हाळ काय तुझ्या बापाचा आहे काय?"

या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. म्हणून तर हे एवढं लिहिलं.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३ उघडा. पोटकलम १ च्या डी मध्ये मासे आणि पाणवठ्यातली इतर उपज वापरण्याचा गावाचा सामुदायिक हक्क नावानिशी दिलेला आहे. त्याच कलमात खाली, एल मध्ये, इतर पारंपरिक हक्कही मान्य केलेत, पण रानटी प्राण्याची शिकार करणं आणि फासे लावणं त्यातून स्पष्ट वगळलंय. मला ही वाटणी बरोबर वाटते. वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यंही येतात, म्हणजे भीमगडच्या आतल्या वाड्यांनाही हा हक्क आहे. आणि कलम ५ ग्रामसभेला पाणी, रान, वन्यजीव सांभाळायचा अधिकारही देतं. दोन्ही कडा बांधू नका, हे ग्रामसभेला ठरावात लिहिता येतं.

आपल्या गावांनी या कायद्याखाली काय मागितलं? शेताचा तुकडा, ज्याचा त्यानं. ते बरोबरच आहे, जमीन आधी. पण सामुदायिक दाव्याचा फॉर्म बी वेगळा असतो आणि त्यात माशांचा रकाना छापलेला आहे. आमच्या गावात तो फॉर्म कुणी भरलेला नाही. आजूबाजूच्या गावांत विचारलं तर फॉर्म बी म्हणजे काय, असाच प्रश्न आला.

अडचण पुराव्याची आहे. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या पंचाहत्तर वर्षांचं, म्हणजे १९३० पासूनचं राहणं दाखवावं लागतं. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात. आमच्या घरच्या पेटीतले त्या काळचे कागद मोडी लिपीत आहेत, दादाला वाचता येत नाहीत, मलाही नाहीत, आणि अर्ज तपासणाऱ्या साहेबांनाही येणार नाहीत. पण या कायद्याखालच्या नियमांतला नियम १३ कागदावरच अडून बसत नाही. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. सामुदायिक हक्कासाठी मासे धरायच्या जुन्या जागाही चालतात. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, एवढंच.

म्हणून दादा, डुकरांचा अर्ज आपण वेगळा करू, पण हा आधी. येत्या ग्रामसभेत वनहक्क समिती नेमायचा विषय तू मांड. धनगरवाड्यावरच्या मामांचा आणि भोयांच्या आजींचा जबाब मी सुट्टीत येऊन लिहून घेते. ते बोलतील तसा मराठीत, आणि त्याचा कन्नड तर्जुमा मी इथं बेळगावात करून आणते. देवाच्या कोंडीपासून वरच्या धबधब्यापर्यंत व्हाळाचा कच्चा नकाशा पोरांना काढायला सांग, सापळ्यांच्या जागा नावांसकट. पेटीतले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि वरच्या फळीवर ठेव, खाली ओल येते. आणि खानापूर-बेळगावकडचं कुणी वाचत असेल आणि मोडी येत असेल, तर खाली कॉमेंटमध्ये सांगा. कागद घेऊन मीच तुमच्याकडं येईन.