नुसतं ‘व्हर्जिल’

रविवार, रात्री उशिरा

‘इन द हीट ऑफ द नाइट’ आज पुन्हा पाहिला. १९६७ चा, नॉर्मन ज्यूइसनचा. कॉलेजात पाहिला तेव्हा खुनी कोण एवढंच डोक्यात होतं. आज खुन्याकडे लक्षच गेलं नाही.

मिसिसिपीतलं स्पार्टा गाव. कारखाना काढायला शिकागोहून आलेल्या धनिकाचा रात्री खून होतो आणि पोलीस रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या एका काळ्या माणसाला उचलून आणतात. तो काळा आहे आणि त्याच्या पाकिटात पैसे आहेत, एवढंच कारण. निघतो फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी, व्हर्जिल टिब्स. आठवड्याला १६२ डॉलर ३९ सेंट पगार! गोरा पोलीसप्रमुख गिलेस्पी त्या आकड्यानं गारच पडतो.

हा गिलेस्पी त्याला ‘बॉय’ म्हणतो. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच, त्यामुळे सगळा अपमान त्या एका शब्दात भरावा लागतो. आपल्याकडे तो क्रियापदातच असतो. पिकल्या केसांच्या माणसाला वाड्यातलं शेंबडं पोर ‘अरे, इकडे ये’ म्हणताना मी लहानपणी ऐकलंय, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ते आठवलं. सिनेमा थांबवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. मग ‘मला मिस्टर टिब्स म्हणतात’ असं टिब्स गिलेस्पीला सुनावतो, तो प्रसंग आला तेव्हा डोळे भरून आले.

कापूसमळ्याचा मालक एंडिकॉट ऑर्किडच्या काचघरात टिब्सच्या थोबाडीत मारतो, आणि पुढच्याच क्षणी टिब्स त्याला तशीच परत देतो. टिब्सचं काम करणारा काळा नट सिडनी पॉइटिए अमेरिकेच्या दक्षिणेत चित्रीकरणाला जायलाच तयार नव्हता. १९६४ साली मिसिसिपीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेच्या लोकांनी त्याचा आणि गायक हॅरी बेलाफॉन्टेचा गाडीतून पाठलाग केला होता. म्हणून बहुतेक चित्रीकरण उत्तरेकडच्या इलिनॉयमधल्या, स्पार्टा याच नावाच्या गावात झालं. हे माहीत असलं की ती चपराक फक्त पात्राची राहत नाही.

पण मला सगळ्यात मोठं वाटलं ते त्यानंतरचं. एंडिकॉटच खुनी असावा, ही टिब्सची इच्छाच होऊन बसते. आधी पकडलेला एक संशयित डावखुरा आहे, वार उजव्या हाताचा आहे, हे शांतपणे दाखवून देणारा हा माणूस रागापायी चुकीच्या वाटेला लागतो, आणि ते गिलेस्पीच्या लक्षात येतं. लेखकानं टिब्सला देव केलं नाही, म्हणून मी त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवू शकले.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर याला मिळालं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे तो सोहळा दोन दिवस पुढे, १० एप्रिल १९६८ ला गेला होता. अभिनयाचं बक्षीस गिलेस्पी झालेल्या रॉड स्टायगरला, पॉइटिएला साधं नामांकनही नाही. हे मला अजून सलतं.

शेवटी गिलेस्पी टिब्सची बॅग उचलून गाडीपर्यंत येतो. जपून राहा म्हणतो, अगदी मनापासून. हाक मात्र ‘व्हर्जिल’ अशीच मारतो. ‘मिस्टर’ काही त्याच्या तोंडून निघत नाही.